वाळवंटात गाडी घेऊन निघताय? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात कच्छ आणि थारच्या आमच्या गाडीप्रवासाबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून निवडक सात इथे घेतेय. सगळे वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. जवळजवळ प्रत्येकाने कुठेतरी "मधे काहीच नाहीये तिथून पटकन पुढे कसं जायचं" असं विचारलंय. आणि मला तर त्या मधल्याबद्दलच सगळ्यात जास्त बोलायचंय.

प्रश्न : ताई, दिवाळीत ९ दिवस मिळतायत. आम्ही दोघं आणि ८ आणि १२ वर्षांची मुलं, स्वतःची गाडी. पुणे, व्हाइट रण, धोलावीरा, जैसलमेर, लोंगेवाला, उदयपूर आणि परत पुणे असं बसवलंय. होईल ना? (कोथरूड)

आधी बेरीज करून बघू. पुणे ते भूजच साधारण हजार किलोमीटर, तिथून रण आणि धोलावीरा, मग जैसलमेर, तनोट-लोंगेवाल्याची फेरी, उदयपूर आणि घरी, हे सगळं मिळून सव्वातीन हजारांच्या पुढे जातं. म्हणजे ९ दिवस रोज साडेतीनशेच्या वर गाडी चालवायची, मुलं मागच्या सीटवर, आणि त्यात घोडबंदरचा ट्रॅफिक धरलेलाच नाही. माझं मत स्पष्ट सांगते, यातला अर्धा प्लॅन काढून टाका.

कुठला अर्धा, तर दिवाळीत रण काढा. हे फार कमी लोक सांगतात, पण पावसाळ्यात रणात पाणी भरतं आणि ते हळूहळू सुकत जातं, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास बऱ्याच वर्षी तिथे पांढरंशुभ्र मीठ नसतंच, राखाडी चिखल आणि उथळ पाणी असतं, पाऊस लांबलेला असेल तर नक्कीच. पांढरं रण बघायचं तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, आणि जमलं तर पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा ते जानेवारीतल्या एखाद्या लाँग वीकेंडला वेगळं ठेवा, पुण्याहून भूजला थेट रेल्वे आहे, तिथे गाडी भाड्याने घ्या. धोर्डोच्या, म्हणजे पांढऱ्या रणाच्या, बाजूला परमिट लागतं, ऑनलाइन मिळतं नाहीतर भिरंडियाराच्या चेकपोस्टवर, सगळ्यांची ओळखपत्रं जवळ हवीत. आणि भिरंडियाराला थांबलात की तिथला मावा खाऊनच पुढे जा.

उदयपूरही काढा, ते वाळवंट नाही आणि तिथे विमानानेही जाता येतं.

मग दिवाळीला उरतं बाडमेर आणि जैसलमेर, आणि हे ९ दिवसांत फार सुंदर होतं. पहिल्या दिवशी पहाटे ४ ला निघून बडोदा. दुसऱ्या दिवशी सांचोरवरून बाडमेर, अंधार पडायच्या आत. तिथे पूर्ण एक दिवस थांबा, हो, बाडमेरलाच. बाडमेर म्हणजे जैसलमेरच्या वाटेवरचा चहाचा स्टॉप असं लोकांनी करून टाकलंय त्याचं मला खरंच वाईट वाटतं. शहरापासून ३५ किलोमीटरवर किराडूची अकराव्या-बाराव्या शतकातली देवळं आहेत, सोमेश्वराचं देऊळ बघा, एवढं कोरीवकाम आणि आजूबाजूला माणूस नाही, फक्त मोर ओरडत असतात. नंतर बाजारात अजरखची छपाई बघता येते. बाडमेर ते जैसलमेर दीडशे किलोमीटर, त्याला पूर्ण दिवस द्या, कारण जैसलमेरच्या १७ किलोमीटर अलीकडे आकलचं जीवाश्म उद्यान लागतं. १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं, दगड झालेली, उघड्या माळावर पडलेली. एकेकाळी इथे घनदाट जंगल होतं आणि जवळ समुद्र होता हे १२ वर्षांच्या मुलाला त्या खोडावर हात ठेवून सांगा, पुस्तकात वाचून तसं कळत नाही.

जैसलमेरला तीन रात्री. किल्ला ११५६ चा, आणि आतमध्ये अजून लोक राहतात, कपडे वाळत घातलेले दिसतात, त्यामुळे तिथे दुसऱ्याच्या वाड्यात जातो तसं हळू बोलत फिरायचं. लोंगेवाला-तनोटला एक दिवस ठेवा, १९७१ च्या डिसेंबरमधल्या त्या लढाईची जागा मुलांना दाखवायलाच हवी, फक्त जाताना रामगढला टाकी फुल करा. उरलेले दिवस परतीला.

प्रश्न : आमची गाडी फोर बाय फोर आहे. लहान रणात स्वतः गाडी घालता येईल का? व्हिडिओत तर सगळे घालताना दिसतात. (हडपसर)

नको. विनंती करते, नको.

रणाची जमीन वरून फरशीसारखी कडक दिसते पण ती साय असते, खाली मऊ खारा चिखल. कुठे दोन इंच खाली, कुठे दोन फूट, बाहेरच्या माणसाला वरून काहीही कळत नाही. आम्ही हे भोगलंय. बजाण्याच्या बाजूला ओळखीच्या एका दादांची गाडी होती, तीही फोर बाय फोरच, वाटाड्याने आखून दिलेल्या चाकोरीतून ते फक्त फोटोसाठी वीस-तीस फूट बाहेर गेले आणि पुढची दोन्ही चाकं ॲक्सलपर्यंत आत. जेवढा ॲक्सिलरेटर द्यावा तेवढी गाडी खाली. मोबाइलला रेंज नाही, सावली नाही, दूरवर एक ठिपका दिसत होता ती मिठागरावरची झोपडी निघाली. तिथल्या कुटुंबाने ट्रॅक्टर आणला, फळ्या टाकल्या, चार तास लागले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, आमच्याकडचं पिण्याचं पाणी मात्र आनंदाने घेतलं, कारण त्यांच्याकडे ते टँकरने येतं. तेव्हापासून रणात जाताना मी वीस लिटरचे दोन कॅन जास्तीचे घेते, तिथे देऊन यायला.

आणि दुसरं म्हणजे लहान रण हे अभयारण्य आहे. १९७३ सालापासून, जवळपास ४९५४ चौरस किलोमीटर, आणि भारतीय रानगाढवं मुख्यतः इथेच उरलीत. तिकडे त्याला घुडखर म्हणतात. दसाडा, झैनाबाद, बजाणा, ध्रांगध्रा या बाजूंनी परमिट काढून स्थानिक जीपने जायचं, पावसाळ्यात बंद असतं. स्थानिक ड्रायव्हरला 'बेट' माहीत असतात, म्हणजे रणातले थोडे उंच, गवत असलेले भाग, प्राणी तिथेच सापडतात. त्याला आधीच सांगा की गाढवांच्या मागे जीप पळवायची नाही. तासाला ६०-७० किलोमीटरने पळतात ती, बघायला भारी वाटतं हे खरं, पण हिवाळ्याच्या शेवटी गवत आणि पाणी दोन्ही संपत आलेलं असताना त्या जनावराला उगाच दमवायचं म्हणजे काय. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं शांत बसा, ती स्वतःच चरत चरत जवळ येतात.

वाळूच्या टेकड्यांचं वेगळं आहे, तिथे टायरमधली हवा वीसच्या खाली-वर आणून गाडी चालवतात म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पण तेही कुणी जाणकार बरोबर असेल तरच, आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर लगेच हवा परत भरायची.

प्रश्न : सीएनजी गाडी आहे, चालेल का? आणि नेहमीच्या सामानाशिवाय काय घ्यावं? (चिंचवड)

गुजरातेत सीएनजीची अडचण फारशी नाही, पण धोलावीरा, लखपत किंवा जैसलमेरच्या पलीकडे सीएनजीच्या भरवशावर राहू नका, पेट्रोलची टाकी भरलेली हवी. माझा नियम साधा आहे, टाकी अर्ध्यावर आली की पुढच्या पंपावर भरायची, पाव होईपर्यंत थांबायचं नाही.

सामानात सगळ्यात महत्त्वाचं पंक्चर किट आणि हवा भरायचा छोटा पंप. कारण बाभूळ. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो तिला कच्छीत गांडो बावळ म्हणतात, म्हणजे नाव तेच, आणि तिचे काटे टायरमधून आरपार जातात, विशेषतः गाडी सावलीत लावायची म्हणून तुम्ही तिच्याच खाली नेता तेव्हा. स्टेपनी घरीच तपासून निघा. माणशी रोज चार-पाच लिटर पाणी, ओआरएस, ऑफलाइन मॅप, आणि कानटोपी-स्वेटर, डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरची रात्र पुण्याच्या थंडीपेक्षा बोचरी असते. रात्री गाडी चालवू नका, रस्त्यावर उंट आणि म्हशी बसलेल्या असतात आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये अगदी शेवटच्या क्षणी दिसते. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, डिकीत काही ठेवू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. १९८५ च्या सुमारास सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पाहिला होता, नराने गळ्याची पिशवी फुगवलेली होती. आता तिथे दिसत नाही म्हणतात. जैसलमेरला दिसेल का? वय ७३. (सदाशिव पेठ)

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही जे पाहिलंत ते माझ्या वयाच्या बहुतेकांना आपल्या राज्यात आता बघायला मिळणार नाही. जगात आता माळढोक जेमतेम शंभर-दीडशे उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात, डेझर्ट नॅशनल पार्क आणि पोखरणच्या लष्करी रेंजच्या बाजूला. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे.

दिसेल का, तर शक्यता चांगली आहे पण खात्री कुणीच देऊ नये. जैसलमेरला वनखात्याकडून परवानगी काढायची आणि सुदासरीच्या बाजूला अगदी सकाळी जायचं. पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे पण डोळ्यांसमोर जंगल आणू नका. शेवण नावाचं गवत, कुठे बोरीची झुडपं, कुठे खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच, तिथे तिच्याच शेंगांची सांगरीची भाजी करतात. पहिल्या तासात तुम्हाला वाटेल इथे काहीच नाही. मग चिंकारा दिसतो, वाळवंटी कोल्हा दिसतो, बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला सांडा, म्हणजे जाड काटेरी शेपटीचा सरडा, दिसतो, आणि मग गवतातून एक उंच मान. आम्हाला तिसऱ्या सकाळी दिसला, दोन माद्या, खूप लांब, दुर्बिणीतून. माझ्या नवऱ्याने दुर्बीण माझ्याकडे दिली तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

हे पक्षी का संपत चाललेत ते सांगायलाच हवं. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, कुत्री, कोल्हे आणि गुरं यांच्यातून ते वाचायला हवं. माळरानं शेतीत गेली, आपल्याकडे नान्नजलाही तेच झालं. आणि आता विजेच्या तारा. हा १५ किलोपर्यंत वजनाचा पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही कारण डोळे बाजूला असतात, आणि तार दिसेपर्यंत एवढं जड अंग वळवता येत नाही. जैसलमेरकडे जाताना तुम्हाला पवनचक्क्या, सोलरचे पट्टे आणि तारांचं जाळं दिसेल. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये त्यांच्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं होतं, पुढे २०२४ मध्ये तो आदेश सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. आपल्याला सौरऊर्जा हवीच आहे, मलाही हवी आहे, पण तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावणं आणि निदान महत्त्वाच्या पट्ट्यात तारा गाडणं हे खर्चाचं असलं तरी करायला हवं असं मला मनापासून वाटतं. चांगली बातमीही आहे, जैसलमेरजवळच्या सम गावी २०१९ पासून प्रजनन केंद्र आहे आणि २०२४ मध्ये तिथल्या प्रकल्पात कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं.

तब्येतीसाठी एवढंच करा की जोधपूरपर्यंत विमानाने जा, तिथून गाडी. आणि वाटेत फलोदीजवळ खीचनला एक रात्र थांबा. तिथे हिवाळाभर क्रौंच येतात, ते लोक कुरजां म्हणतात, हजारोंनी येतात आणि गावातले लोक पिढ्यानपिढ्या त्यांना धान्य घालतात. सकाळी थवे उतरतात तेव्हा बोललेलं ऐकू येत नाही. एका गावाने ठरवलं तर काय होतं ते तिथे दिसतं, २०२५ मध्ये त्या पाणथळ जागेला रामसर दर्जाही मिळालाय. फक्त उन्हाळ्यात जाऊ नका, भारतातलं सर्वाधिक तापमान, ५१ अंश, २०१६ च्या मे महिन्यात याच फलोदीत नोंदलं गेलंय.

प्रश्न : मुलगी-जावई कॅलिफोर्नियात असतात. जुलैमध्ये आम्ही जातोय, त्यांनी डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्रीचा रोड ट्रिप ठरवलाय. मिस्टरांना बीपी आहे. जावं का? (औंध)

काकू, जुलैमध्ये डेथ व्हॅली नको, मुलीला हे उत्तर दाखवा. जगातलं नोंदलेलं सर्वाधिक तापमान, ५६.७ अंश, तिथल्या फर्नेस क्रीकचं आहे, १० जुलै १९१३ चं. आणि जुलैच्या साध्या दिवशीही ४६-४७ होतं. पार्कवालेच सांगतात की उन्हाळ्यात खालच्या भागात सकाळी १० नंतर पायी फिरू नका. गाडी बंद पडली तर एसी बंद, आणि बऱ्याच भागात मोबाइल चालत नाही. पार्क साधारण साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचं आहे, आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान, त्यावरून मदत यायला किती वेळ लागेल ते धरा.

तुमचा मुक्काम नोव्हेंबरपर्यंत असेल तर तेव्हा जा आणि मग मात्र नक्की जा. बॅडवॉटरला समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली तुम्ही मिठावर उभे असता, आणि ज्यांनी कच्छ पाहिलंय त्यांना ते बघून घरचं काहीतरी आठवतं. पार्कच्या बाहेर बीटी नावाचं छोटं गाव आहे, पेट्रोल तिथे भरा, रात्र तिथेच काढा. त्याच्या शेजारी ऱ्हायोलाइट आहे, १९०५ च्या सुमारास सोन्यासाठी वसलेलं आणि दहा-बारा वर्षांत ओस पडलेलं गाव, बँकेच्या तीन मजली भिंती अजून उभ्या आहेत. जोशुआ ट्री पार्क आकाराने जवळपास आपल्या डेझर्ट नॅशनल पार्कएवढंच आहे. आणि ते झाड म्हणजे आपल्या घायपाताच्या नात्यातलं आहे हे काकांना सांगा. आत पेट्रोल नाही आणि पाणी फक्त कडेच्या एक-दोन ठिकाणी, सगळं बरोबर न्यायचं. जावई चालवणार असतील तर प्रश्न नाही, पण काकांना चालवायची हौस असेल तर इथूनच आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, तो एक वर्ष चालतो.

प्रश्न : मी आणि माझी बहीण, दोघीच, कच्छला गाडीने. सुरक्षित आहे का? (बिबवेवाडी)

हो. आम्ही दोघी मैत्रिणी जाऊन आलोय. दिवसा चालवा, मुक्काम आधी ठरवा, आणि टेंट सिटीपेक्षा गावातला होमस्टे घ्या, घरातल्या बायकांशी बोलणं होतं. अजरखपूरला एक सकाळ ठेवा. २००१ च्या भूकंपानंतर धमडका या अजरख छापणाऱ्या जुन्या गावाच्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले, म्हणून तिथल्या खत्री कारागिरांनी भूजजवळ हे नवं गाव वसवलं, बरीच कुटुंबं पाण्यासाठी हलली. आणि खावडा ते धोलावीरा हा रणातून जाणारा रस्ता चुकवू नका, दोन्ही बाजूंना मीठ, मधे एक काळी पट्टी. मात्र धोलावीरा संध्याकाळी पोचून सकाळी सोडायचं असं करू नका. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी अडवून एवढे मोठे हौद खणणारं शहर आहे ते. त्या हौदाच्या पायऱ्यांवर बसायलाच दोन तास हवेत.

प्रश्न : मी पाचवीत आहे. रणातलं मीठ चाटून बघितलं तर चालतं का? आणि ते कुठून येतं? (धनकवडी)

चिमूटभर चाटायला हरकत नाही, मीही चाटलंय, थोडं कडवट लागतं कारण त्यात आपल्या मिठाशिवाय दुसरेही क्षार असतात. स्वच्छ जागेवरचं घे आणि गिळू नकोस.

पावसाळ्यात वाऱ्याने समुद्राचं पाणी आत ढकललं जातं, नद्यांचंही पाणी येतं, आणि रण इतकं सपाट आहे की ते वाहून जात नाही. मग ऊन लागून पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, तू वाटीत मिठाचं पाणी उन्हात ठेवलंस तर चार दिवसांत तसंच होईल, करून बघ.

पण आपण खातो त्यातलं काही मीठ लहान रणात माणसं पिकवतात. त्यांना अगरिया म्हणतात. दिवाळीच्या आधी ते सगळं घर घेऊन रणात राहायला जातात, जमिनीखालचं खारं पाणी पंपाने उपसून मोठमोठ्या वाफ्यांत सोडतात, आणि सहा-सात महिने रोज लांब दांड्याच्या लाकडी दंताळ्याने ते ढवळत राहतात म्हणजे खडे मोठे होतात. त्यांच्याबरोबर तुझ्याएवढी मुलंही असतात. तू गेलास तर आईबाबांना सांगून एका मिठागरावर नक्की थांब, एखाद्या मुलाला ते दंताळं कसं ओढायचं ते विचार, तो शिकवेल. आणि घरातल्या मिठाच्या पुडीवर किंमत किती लिहिलीय ते बघून जा, मग तिथे विचार की त्यांना एका किलोचे किती मिळतात. काय उत्तर मिळालं ते मला लिहून पाठव, मी पुढच्या अंकात छापेन.